आतोबांची बेबी

आमच्या आतोबांइतका मोटारींवर जीव टाकणारा माणूस अख्ख्या काशीत दुसरा झाला नाही, आणि मोटारीला पोचायला त्यांच्या घराइतकी अशक्य जागाही अख्ख्या काशीत दुसरी नसेल. आतोबा म्हणजे माझ्या धाकट्या आत्याचे यजमान. राहायला बालाजी घाटाच्या वरच्या अंगाला, अशा गल्लीत, की पावसात दोन माणसं समोरासमोर आली तर एकाला छत्री मिटावी लागते आणि सांड आला तर कोणाच्या तरी ओट्यावर चढून उभं राहावं लागतं. मोटार येऊ शकते तो सगळ्यात जवळचा रस्ता मैदागिनचा. तिथवर चालत जाईतो धडधाकट माणसाचा घसा कोरडा पडतो. अशा जागी जन्मलेल्या माणसाने बुद्धिबळ खेळावं, भांग घोटावी, फार तर कबुतरं पाळावीत. आतोबांनी मोटारींचा नाद केला. मी एकदा विचारलं, "आतोबा, तुम्हाला दुसरं काही सुचलं नाही का हो?" तर म्हणाले, "बयो, दारात उभी राहात असती तर मी तिच्याकडे ढुंकून तरी पाहिलं असतं का?" मी शाळेत गणित शिकवते. या उत्तरात कुठेतरी चूक आहे हे मला दिसतं, पण ती अजून सापडलेली नाही.

मोटार गल्लीत येत नाही म्हटल्यावर आतोबा स्वतःच गल्लीतून मोटारीसारखे चालत. वळायच्या आधी हात बाहेर काढत. उजवीकडे वळायचं तर उजवा हात सरळ, थांबायचं तर हात वर, आणि पुढे गर्दी दिसली की तळवा खाली करून हात हलकेच वरखाली, म्हणजे मागच्याने वेग कमी करावा. जुन्या ड्रायव्हरांच्या या खुणा आता रस्त्यावरही कोणाला कळत नाहीत, तर गल्लीत कोण ओळखणार? एकदा मंगला गौरीच्या वळणावर त्यांच्या मागून यात्रेकरूंची एक रांग येत होती. आतोबांनी वेग कमी करण्याचा हात दाखवला. पांढरी दाढी, कपाळाला गंध, खांद्यावर उपरणं आणि वरखाली होणारा तळवा. यात्रेकरूंना वाटलं, महाराज आशीर्वाद देताहेत. अख्खी रांग वाकली. एका बाईंनी तर पायच धरले. आतोबांनी त्यांना तोंडभर आशीर्वाद दिला आणि मग शांतपणे म्हणाले, "माताजी, पीछे वाले थोड़ा फासला रखा करें." चपलासुद्धा ते तोंड बाहेर करून लावत, निघताना मागे घ्यायला नकोत म्हणून. लग्नाकार्यात पानं मांडेपर्यंत वेळ गेला तर दारातल्या सगळ्या पाहुण्यांच्या चपला ते तशा लावून ठेवत, आणि निघताना अर्ध्या गावाला आपली चप्पल सापडत नसे. आत्या कपाळावर हात मारून घेई.

घराणं वैदिकांचं. आतोबा स्वतः वेदपाठशाळेत शिकवत, आणि मुलं घाबरत ती त्यांच्या छडीला नाही, कानाला. एक स्वर इकडचा तिकडे झाला की दुसऱ्या खोलीतून हाक येई. तोच कान ते इंजिनाला लावत. बॉनेट उघडलं की डोळे मिटून, मान जरा कलती करून ऐकत, आणि मग निकाल देत: "तिसरा सिलिंडर स्वर खातोय." किंवा, "ही पुण्याच्या माणसासारखी बोलतेय, प्रत्येक शब्दाच्या शेवटी थांबून. पेट्रोल नीट पोचत नाही." हत्यारं त्यांच्याकडे फारशी नव्हती, पण निदान सहसा चुकत नसे. एकदा चौखंब्याच्या पुढे एका वरातीची सजवलेली अँबॅसेडर बंद पडली होती. आतोबा गर्दीत शिरले आणि बॅण्डवाल्यांवर ओरडले, "बाजा बंद करो!" बॅण्ड थांबला, नाचणारे थांबले, नवऱ्या मुलाचा बाप हातघाईवर आला. आतोबांनी त्याला ओठांवर बोट ठेवून गप्प केलं, ड्रायव्हरला सेल्फ मारायला लावला, ऐकलं, आणि झेंडूच्या माळांखाली हात घालून निसटलेली एक वायर दाबून बसवली. गाडी चालू झाली. त्या लग्नात आतोबा वराकडून जेवले आणि घरी दोन द्रोण मलाई गिलौरी, म्हणजे सायीचे गोड विडे, घेऊन आले. आत्याने विचारलं, "कोणाचं लग्न होतं?" म्हणाले, "नाव नाही विचारलं. पण इंजिन सुरेख होतं हो!"

अशा वेड्यांची तेव्हा काशीत एक जमातच होती. स्वतःला ते 'मोटर-मंडली' म्हणवत. सोनारपुऱ्याचे एक बंगाली डॉक्टरबाबू, त्यांची मायनर. मदनपुऱ्याचे साड्यांचे व्यापारी खाँसाहेब, त्यांची हेरल्ड. शिवाय एका जुन्या हवेलीचे मालक कोठीवाले, वकील, रेल्वेतले एक गार्ड, असे बरेच. दर रविवारी सकाळी कंपनी बागेपाशी सगळ्या गाड्या लागत. आधी कचोरी-जिलबी, मग पंचक्रोशीचा नाहीतर सारनाथ-रामनगरचा फेरा. मंडळीचा नियम एकच, तो आतोबांनी घातलेला: एक गाडी बंद पडली की सगळ्या थांबायच्या, आणि मंडळीतली गाडी दोरी बांधून कधी न्यायची नाही, ती स्वतःच्या पायांनी घरी जाईल. दुसऱ्या कोणत्याही शहरात हा नियम उदात्त ठरला असता. आमच्याकडे त्याचा परिणाम असा, की कोणती ना कोणती गाडी कायम बंद असे आणि त्यामुळे सगळ्याच बंद असत. लहानपणी मी खाँसाहेबांच्या हेरल्डमध्ये मागे बसून सारनाथला गेलेय. वाटेत एक सायकलवाला आम्हाला सलाम करून पुढे गेला. तो सारनाथला पोचला, दर्शन घेतलं, जेवला असेल, झोपलाही असेल. तो परत आला तेव्हा आम्ही त्याला तिथेच भेटलो. डॉक्टरबाबू गाडीखाली होते, आतोबा कान लावून होते आणि बाकीचे रस्त्याच्या कडेला सतरंजी टाकून शेंगदाणे खात राजकारण करत होते. कोणाच्याही तोंडावर वैताग म्हणून नाही. मी मात्र भुकेने रडत होते. त्या दिवशी मी ठरवलं, मोटारीचा छंद असलेल्या माणसाशी लग्न करायचं नाही. त्या बाबतीत तरी माझं चांगलं झालं.

आतोबांची स्वतःची गाडी म्हणजे बेबी. इंग्रजांच्या काळातली, चिमुकली, पुढे दोन डोळे बटबटीत, रंग एके काळी हिरवा असावा. एका जुन्या कोठीच्या तबेल्यात तिच्यात कोंबड्या राहत होत्या. कोठीवाल्यांनी ती आतोबांना देऊन टाकली आणि आतोबांनी कोंबड्यांची क्षमा मागून ती मैदागिनजवळच्या एका पत्र्याच्या शेडमध्ये आणून ठेवली. बरीच वर्षं ती बरी चालली, म्हणजे मंडळीच्या मानाने बरी. मग रस्ता रुंद करायचा ठरला आणि शेड गेली. नवी जागा मिळेना. आतोबा म्हणाले, "जागा मिळेतो घरी नेऊन खोलून साफ तरी करतो." इथूनच सगळं सुरू झालं.

रोज पाठशाळेतून येताना बेबीचा एकेक अवयव पिशवीतून घरी येऊ लागला. आधी दिवे, मग कार्बुरेटर, मग गिअरच्या चक्र्या. आत्याच्या बासुंदीच्या पातेल्यात चक्र्या रॉकेलमध्ये भिजत पडल्या. त्यानंतर त्या घरात बासुंदी म्हणून झाली नाही. पत्रा सुटा करून आला, कुजलेलं लाकूड फेकून दिलं. शेवटी उरला खालचा लोखंडी सांगाडा. गल्लीतल्या घरांना बांधकामाच्या तुळया वाहून आणणारे हमाल असतात, त्यांतल्या चौघांनी तो खांद्यावर घेतला. आता काशीत त्या वाटेने चौघांच्या खांद्यावरून काही निघालं की लोक काय समजायचं ते समजतात. दुकानदार उठून उभे राहिले, बायकांनी पदर डोक्यावर घेतले, दोघांतिघांनी हात जोडले. सगळ्यात मागून आतोबा हात वरखाली करत चालले होते, वेग कमी ठेवा म्हणून. ते पाहून एका म्हाताऱ्याने त्यांना धीर दिला, "होता है पंडितजी, सबको एक दिन जाना है." आतोबा म्हणाले, "नहीं भैया, ये तो आ रही है."

पुढची दोन वर्षं मंडळीचे रविवार आतोबांच्या चौकात गेले. एका सुताराने चौकातच बसून बेबीचा नवा लाकडी सांगाडा केला. डॉक्टरबाबूंनी इंजिन असं जुळवलं, की त्यांनी कोणत्या रोग्यासाठी इतकी काळजी घेतली नसेल. खाँसाहेबांनी घरातल्या उरल्यासुरल्या बनारसी कापडाच्या गाद्या शिवून आणल्या, त्यामुळे बेबीत बसलं की नव्या नवरीच्या शेजारी बसल्यासारखं वाटे. पत्रा ठोकला, रंग दिला, काचा बसल्या. आत्या दर रविवारी सगळ्यांना पोहे करून घाली आणि चौकातून स्वयंपाकघरात जायला बेबीला वळसा घालून, पोट आत घेऊन जाई. शेवटी एका रविवारी बेबीला हार घातला, नारळ फोडला, आणि आतोबांनी हँडल मारलं. पहिल्याच फटक्याला ती बोलली! काय तो आवाज! धुराने चौक भरला, छपरावरची माकडं शेजारच्या गल्लीत पळाली, आतोबांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. डॉक्टरबाबू टुणकन उडी मारून बेबीत बसले आणि म्हणाले, "चलिए पंडितजी, एक चक्कर हो जाए!" खाँसाहेब लगबगीने दाराकडे धावले. कडी काढली, एक फळी उघडली, दुसरी उघडली, आणि तसेच उभे राहिले. सगळ्यांनी दाराकडे पाहिलं. मग बेबीकडे पाहिलं. मग पुन्हा दाराकडे. इंजिन आपलं चालूच होतं. दोन वर्षांत, एकशे चार रविवारांत, एक वकील, एक डॉक्टर, एक व्यापारी, एक गार्ड आणि एक वेदशास्त्रसंपन्न यांच्यापैकी एकाच्याही मनात आलं नव्हतं, की ही बाहेर कशी काढायची. आणि दारातून निघाली तरी पुढे ती गल्ली! आत्या पोह्यांची परात घेऊन आली, तिने तो देखावा पाहिला आणि खाली बसून इतकी हसली, इतकी हसली, की पोहे खाँसाहेबांना वाढावे लागले.

पुन्हा खोलायची म्हणजे केलेलं लाकूडकाम तोडायचं. "बघू दिवाळीनंतर," आतोबा म्हणाले. अशा किती दिवाळ्या गेल्या! पण मंडळीने रविवार काही सोडला नाही. कंपनी बागेतून फेरा मारून सगळे चौकात येत, बेबीचं इंजिन पाच-दहा मिनिटं चालवत, डोळे मिटून ऐकत, आणि पोहे खाऊन जात.

मग माणसं गळायला लागली. एकदम काही झालं नाही, एकेक. कोठीवाले गेले आणि तेराव्याच्या आत त्यांच्या मुलांनी गाडी लग्नात भाड्याने देणाऱ्या माणसाला विकून टाकली. गार्डसाहेब मुलाकडे गेले, त्यांची गाडी ऊनपावसात उभी राहून भंगारात गेली. वकिलांची गाडी एका हॉटेलने घेतली. आता ती दारात उभी असते, बॉनेटमध्ये झाडांच्या कुंड्या ठेवून, आणि पाहुणे तिच्यापुढे उभं राहून फोटो काढतात. आतोबा एकदा मुद्दाम बघून आले. घरी येऊन जेवले नाहीत. म्हणाले, "इंजिनाच्या जागी माती भरलीय गं तिच्या. माती!" रस्तेही राहिले नाहीत. ज्या रस्त्यांवरून मंडळी डौलात जायची तिथे आता गर्दीचा असा लोंढा, की अर्धे रस्ते मोटारींना बंद आणि उरलेल्यांवर ई-रिक्षांची मुंग्यांसारखी रांग. त्यात एखादी जुनी गाडी बंद पडली तर मागचे लोक शिव्या देतात. पूर्वी उतरून धक्का द्यायचे. खाँसाहेबांनी हेरल्ड बरीच वर्षं धरून ठेवली. ते गेले तेव्हा आतोबा आणि डॉक्टरबाबू मातीला गेले, परत येऊन दोघं बेबीत बसून राहिले. त्या दिवशी इंजिन चालू केलं नाही. खाँसाहेबांनी शिवलेल्या गादीवरून आतोबा नुसता हात फिरवत होते. बेबीलाही गिऱ्हाइकं येत. यायची, टेप लावायची, आधी दार मोजायची, मग गल्ली, आणि कपाळाला आठ्या घालून निघून जायची. एकाने विचारलंच, "अंदर आई कैसे?" आतोबा म्हणाले, "श्रद्धा से."

राहता राहिले दोघं. डॉक्टरबाबू दर रविवारी मायनर घेऊन मैदागिनपर्यंत येत, तिथून काठी टेकत गल्लीतून चौकात. मग दोघं बेबीत बसत, आतोबा चाकावर, डॉक्टरबाबू शेजारी, आणि बसल्या जागी फेरा सुरू होई. मी एकदा भाजी द्यायला गेले तर मला हाताने थांबवून म्हणाले, "थांब, रामनगरच्या पुलावर आहोत." डॉक्टरबाबू पुढे बघत सांगत होते, "बाएँ से ट्रक है, पंडितजी. निकल जाने दीजिए." आतोबांनी ट्रक जाऊ दिला. मी कपाळाला हात लावला आणि आत्याकडे पाहिलं. तिने डोळ्यांनीच सांगितलं, चालू दे. मला वेडेपणा वाटे, खोटं कशाला बोलू? दोन म्हातारी माणसं, ऐंशीच्या घरातली, धडधडीत चौकात बसून चुनारगडला जाऊन येतात आणि आल्यावर पाय आखडले म्हणून तक्रार करतात! पण आतोबा आठवडाभर जे बोलत ते रविवारसाठी. गुरुवारपासून ठरे कुठे जायचं. आत्या म्हणायची, "मंडळी दोघांची राहिली, पण आहे. दुसरा आहे तोवर हे ठीक आहेत." मला ते तेव्हा नीट उमगलं नव्हतं.

गेल्या माघात डॉक्टरबाबूंना त्यांच्या मुलीने बंगलोरला न्यायचं ठरवलं. एकटे होते, दोनदा जिन्यात पडले होते. मुलीचं काही चुकलं नाही. मायनर लखनौच्या एका शौकिनाने घेतली. निदान शौकिनाने, लग्नवाल्याने नाही, असं डॉक्टरबाबू चार-चारदा सांगत होते. रविवारी सकाळी लखनौचा ड्रायव्हर यायचा होता. आतोबा मला म्हणाले, "चल गं माझ्याबरोबर. एकट्याने परत यायला नको वाटतंय." आतोबांनी कधी कोणाला सोबत मागितली नव्हती, म्हणून मी निमूट सोनारपुऱ्याला गेले.

मायनर चालू झाली, फाटकापर्यंत आली आणि बंद पडली. थोड्या वेळाने पुन्हा चालू, पुन्हा बंद. आतोबांनी मान कलती केली. एकदा ऐकून म्हणाले, "कॉइल गेली. गरम झाली की दम सोडते, ठिणगीच पडत नाही." रविवारची सकाळ, दुकानं उघडायला अवकाश. ड्रायव्हरला घाई. तो म्हणाला, "कोई बात नहीं बाबा, किसी ई-रिक्शा के पीछे रस्सी से बाँध के मेन रोड तक ले चलते हैं, वहाँ ट्रक मँगा लूँगा." आणि त्याने डिकीतून दोरी काढलीही. डॉक्टरबाबू खुर्चीत बसले होते, मुलीने पांघरलेली शाल सारखी करत राहिले. आतोबांनी ड्रायव्हरच्या हातातली दोरी घेतली, गुंडाळली, आणि त्याच्याच हातात परत दिली. "मंडली की गाड़ी रस्सी से नहीं जाती बेटा. चाय पियो. हम आते हैं." मला म्हणाले, "तू इथेच थांब, यांच्याशी बोलत बस."

रिक्षाने मैदागिन, तिथून पायी घर, आणि तसेच परत. या वयात! आले तेव्हा घामाने उपरणं भिजलेलं आणि हातात फडक्यात गुंडाळलेली कॉइल. मुलीने पाणी दिलं ते त्यांनी बाजूला ठेवलं आणि आधी बॉनेट उघडलं. डॉक्टरबाबू काठी टेकत जवळ आले, चष्मा वर करून कॉइलकडे पाहिलं आणि लगेच ओळखलं; बेबीला ती त्यांनी स्वतःच्या हाताने बसवली होती. "पंडितजी, यह तो बेबी की है."

"हाँ, तो?"

"तो बेबी?"

आतोबा स्क्रू आवळत होते. मान वर न करता म्हणाले, "बेबी को जाना कहाँ है?"

मायनर चालू झाली. दोघांनी डोळे मिटून ऐकली. डॉक्टरबाबू शेजारी बसून कोपऱ्यापर्यंत गेले, तिथे उतरले, आणि गाडी दिसेनाशी होईपर्यंत दोघं रस्त्यात मधोमध उभे राहिले. ई-रिक्षावाले हॉर्न वाजवत होते, शिव्या देत होते, कोणी हललं नाही. संध्याकाळच्या विमानाने डॉक्टरबाबू गेले. परतताना मी आतोबांना म्हटलं, "कॉइल काय, बाजारात मिळेल की दुसरी. उद्या आणू." ते म्हणाले, "मिळेल गं. पण बेबीचं ऐकायला आहे कोण?" 

त्यानंतरच्या रविवारी मी मुद्दामच सकाळी लवकर गेले. मला धास्ती होती. आतोबा आठवडाभर जेमतेम जेवत होते, बोलत नव्हते, त्यांचा मुलगा पुण्याहून फोन करी त्याला हं-हं करून फोन आत्याच्या हातात देत होते. गेले तर ते न्हाऊन, गंध लावून, बेबीच्या चाकावर बसलेले. शेजारची जागा रिकामी. मी आपली पायरीवर बसले. मनात म्हटलं, बसावं का आपण शेजारी? पण मला ते जमेना, लाजच वाटली. आणि ती जागा माझी नव्हतीच.

तेवढ्यात आत्या आली. पोह्यांची बशी नाही, हातात काही नाही. नवी कोरी नसली तरी घडीची साडी नेसलेली, केसांत पांढऱ्या फुलांचं वळं. तिने बेबीचं डावं दार उघडलं, एक हात गुडघ्यावर ठेवून हुश्श करत आत बसली आणि दार लावून घेतलं. इतकी वर्षं बेबीला वळसा घालून स्वयंपाकघरात जाणारी माझी आत्या तिच्यात पहिल्यांदा बसली होती.

आतोबा बघतच राहिले. "तू?"

"का? मंडळीत बायका चालत नाहीत?"

"तसं नाही..." आतोबा जरा सरकून बसले. "कुठे जायचंय?"

"माहेरी," आत्या म्हणाली.

तिचं माहेर म्हणजे आमचं घर, मंगला गौरीपाशी, इथून चार वळणांवर. आत्या समोर काचेतून पाहत, अगदी साध्या आवाजात बोलत होती. "लग्न झालं तेव्हा तुमचे वडील म्हणाले, एवढ्याशा वाटेला पालखी कशाला हवी? चालत आले मी. मग कळलं नवऱ्याला मोटारीचं वेड आहे. म्हटलं, असू दे. कधीतरी मोटारीतून माहेरी जाऊ. तुम्ही सगळ्या गावाला फिरवलंत. मला कुठे विचारलंत?"

आतोबांनी उपरण्याच्या टोकाने समोरची काच आतून पुसली. तिच्या बाजूची जरा जास्तच पुसली. दोन्ही हात चाकावर ठेवले आणि माझ्याकडे वळून, अगदी पूर्वीच्या कंपनी बागेतल्या आवाजात म्हणाले, "तू पुढे हो, बयो. घरी वर्दी दे, आम्ही निघालोय म्हणावं. आणि चहा ठेव, आल्याचा."

मी उठले. हसावं की रडावं कळत नव्हतं. रडत होते, खोटं कशाला सांगू? पायरी उतरले, दार ओढून घेतलं आणि गल्लीतून भराभरा चालायला लागले. दोघं कसे येणार, कधी येणार, चालत येणार की चौकातूनच पोचणार, काही विचार केला नाही. एवढंच डोक्यात होतं, की पोचायला हवं, चहा ठेवायला हवा. दुसऱ्या वळणावर एकाने मोटरसायकल आडवी लावली होती आणि तिच्यावर बसून फोनवर बोलत होता. माणूस अंग चोरून जाईल एवढी जागा होती. मी जाऊही शकले असते. पण थांबले, आणि माझ्याच तोंडून निघालं, "भैया, गाड़ी ज़रा दीवार से लगा लो. पीछे से मोटर आ रही है."

त्याने माझ्याकडे पाहिलं. मग माझ्या मागे, रिकाम्या गल्लीकडे पाहिलं. बनारसी माणूस, हसला नाही, काही विचारलं नाही. फोन खिशात घातला, उतरला, आणि मोटरसायकल भिंतीला लावून उभा राहिला.